इंग्लिश रॅले आणि मोंढ्यातले सुटे भाग

तालुक्याच्या कुठल्याही सायकल दुकानात २८ × १½ चा टायर मागा, दुकानदार मागे वळूनही न पाहता काढून देतो. १९५१ साली नॉटिंगहॅमच्या कारखान्यातून निघालेल्या रॅले कंपनीच्या सायकलीलाही हाच टायर बसतो. आपल्याकडची काळी, दांड्याच्या ब्रेकची, दूधवाल्याची सायकल त्याच इंग्लिश रोडस्टरच्या आराखड्यावर बनत आली. त्यामुळे रिंगचं माप, पुढे ३२ आणि मागे ४० तारा, अर्धा इंची चेन, कॉटरचे (खुंटीने बसवलेले) क्रँक, म्हणजे पायडलचे दांडे, हे सगळं आजही मोंढ्याजवळच्या दुकानांत मिळतं. कमी पैशात इंग्लिश सायकल उभी करायची तर मराठवाडा ही त्यासाठी उत्तम जागा आहे. हवा कोरडी असल्याने कोकणासारख्या फ्रेमा आतून कुजत नाहीत, आणि हाताने काम करणारे जुने उस्ताद अजून दुकानात बसतात.

मी ज्या सायकलीवर हे काम केलं ती २४ इंची फ्रेमची रॅले. दांड्याचे ब्रेक, मागे स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब, ब्रुक्सची चामडी सीट. काम ज्या क्रमाने केलं त्याच क्रमाने सांगतो, कारण क्रम चुकला की पैसे दोनदा जातात.

आधी सायकल खरोखर इंग्लंडची आहे का ते बघावं. हर्क्युलिस, फिलिप्स, बीएसए असं नाव दिसलं म्हणून ती बर्मिंगहॅमची ठरत नाही. १९४९ मध्ये मद्रासला टीआय सायकल्स सुरू झाली आणि पुढे ही नावं तिथेच बनू लागली. रॅलेसाठी आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना उभा राहिला. त्या सायकलीही दमदार आहेत, फक्त विकणारा ‘विलायती’ म्हणून दुप्पट भाव सांगतो तेव्हा फरक कळायला हवा. पुढच्या बिल्ल्यावर नॉटिंगहॅम, इंग्लंड असं लिहिलेलं असतं. रॅलेच्या क्रँकच्या दातेरी चक्रात बगळ्याची डोकी कोरलेली असतात, रज-व्हिटवर्थच्या चक्रात हाताचा पंजा, हंबरच्या चक्रात माणसांच्या पाच आकृत्या. हंबर १९३२ मध्ये आणि रज १९४३ मध्ये रॅलेनेच घेतली, म्हणून या दोन्ही नावांच्या नंतरच्या सायकलींत पुष्कळ भाग रॅलेचेच सापडतात. तीन गिअरच्या हबवर ‘एडब्ल्यू’ या अक्षरांसोबत दोन आकडे ठोकलेले असतात, ५१ आणि ४ म्हणजे एप्रिल १९५१. पण हब बदललेला असू शकतो, म्हणून एकट्या हबवरून सायकलचं वय ठरवू नये. बिल्ला, चक्र, हब आणि फ्रेम नंबर एकमेकांशी जुळतात का ते पाहावं.

मागच्या मडगार्डावर विक्रेत्याचा छोटा छाप राहिलेला असतो. मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, तेव्हा त्या काळच्या सायकलीवर हैदराबाद किंवा सिकंदराबादचं नाव दिसलं तर नवल नाही. तो छाप आणि नगरपालिकेच्या सायकलकराचा बिल्ला, दोन्हींना हात लावू नये. सायकलचा तेवढाच इतिहास तिच्या अंगावर लिहिलेला असतो.

भावाबद्दल एक हिशेब लक्षात ठेवावा. अशी सायकल सुमारे २० किलोची असते. लोखंडाचा भंगारभाव किलोला तीस-पस्तीस रुपये धरला तर तिची किंमत सहा-सातशे होते, आणि तिला दुसरं गिऱ्हाईक नसेल तर ती त्याच भावात वितळायला जाते. बिल्ला, मूळ रंग आणि तीन गिअरचा हब जागेवर असेल तर अडीच-तीन हजारांपर्यंत देणं मला रास्त वाटतं. हब बदललेला आणि सीट गेलेली असेल तर त्याच्या निम्मे.

पैसे देण्याआधी फ्रेम तपासायची. आपल्याकडे या सायकलींनी उन्हाळ्यात पाण्याच्या घागरी वाहिल्या, दुधाचे कॅन वाहिले, कडब्याच्या पेंढ्या वाहिल्या. तो भार मागच्या चाकावर येतो, म्हणून मागचा एक्सल वाकलेला, मागच्या बारीक नळ्या एका बाजूला झुकलेल्या आणि कॅरिअरच्या बोल्टाजवळ वेल्डिंगचा गठ्ठा असं पुष्कळदा दिसतं. तपासायला एक सुतळी पुरते. मागच्या एका टोकाला, जिथे एक्सल बसतो तिथे, सुतळी बांधा, पुढे हँडलच्या नळीला वळसा घाला आणि दुसऱ्या बाजूने मागे आणून ताणून बांधा. सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या सुतळीचं अंतर मोजा. दोन मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो. पाचच्या वर गेला तर फ्रेम सरळ करावी लागेल. ही पितळेने जोडलेली साध्या पोलादाची फ्रेम असल्यामुळे जाणता माणूस ती थंड अवस्थेतच ओढून सरळ करू शकतो, गॅस लावू देऊ नये. मग खालच्या तिरक्या नळीखाली, हँडलच्या जोडाला लागून, बोट फिरवा. तिथे रंगाखाली सुरकुती किंवा फुगवटा लागला तर सायकल कधीतरी समोरून जोरात आदळलेली आहे. चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा भाग, बदलता येतो, पण सुरकुतलेली नळी धोक्याची असते. अशी सायकल मी घेत नाही, कितीही स्वस्त असली तरी.

खोलायला घेण्यापूर्वी प्रत्येक जोडाचे फोटो काढावेत, विशेषतः ब्रेकच्या दांड्यांचे, कारण दहा-बारा तुकडे एकमेकांत कसे अडकतात ते नंतर आठवत नाही. वॉशरही त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवावेत. धुवायला पूर्वी रॉकेल वापरत. ते आता सहज मिळत नाही, डिझेल तेवढंच काम करतं. दोन लिटर पुरतं. वर निवळलेलं डिझेल पुन्हा वापरता येतं.

सगळ्यात अवघड वस्तू म्हणजे कॉटर. क्रँकला एक्सलवर धरून ठेवणारी ही तिरकी कापलेली खुंटी सत्तर वर्षांत क्रँकशी एकजीव होते. डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं करून तीन-चार दिवस सकाळ-संध्याकाळ थेंब सोडत राहावं. नट पूर्ण काढू नये. खुंटीच्या टोकाशी नटची कड बरोबर येईल इतका सैल करावा, म्हणजे ठोका बसला तरी आटे चिरडत नाहीत. क्रँकखाली जमिनीपर्यंत पोचणारा जाड लोखंडी पाइप टेकवायचा, खुंटीचं डोकं पाइपाच्या पोकळीत येईल असा, आणि किलोभराच्या हातोड्याने एकच सरळ, जोरदार ठोका मारायचा. हळू हळू टिचक्या मारल्या की खुंटी वाकते, डोकं पसरतं आणि मग ड्रिलशिवाय गत्यंतर राहत नाही. पाइपाचा आधार नसेल तर ठोक्याचा सगळा भार आतल्या छर्‍यांवर जातो आणि ते फिरतात त्या वाट्यांत खड्डे पडतात. खुंटी निघाली की ती फेकून द्या. नव्या कॉटरची किंमत चहाच्या कपाएवढी आहे. रॅलेला ९.५ मिलिमीटर जाडीचे लागतात. ९ चे दिले तर बसल्यासारखे वाटतात आणि आठवड्यात खटखट सुरू होते.

आट्यांबद्दल सावध राहावं. उजवीकडची बीबीची (क्रँकचा एक्सल जिच्यात फिरतो त्या नळीची) वाटी उलट्या आट्यांची असते, म्हणजे सैल करायला घड्याळाच्या दिशेने फिरवावी लागते; डावं पायडलही तसंच. उजवी वाटी निघत नसेल तर काढूच नये, आतून कापडाने पुसून तिथेच साफ होते. रॅलेने बीबीला आणि हँडलच्या वाट्यांना स्वतःचे, इंचाला २६ आट्यांचे माप वापरले, तर इतर बहुतेक इंग्लिश सायकलींना इंचाला २४. दुकानातली वाटी हाताने तीन-चार फेरे सहज जाते आणि मग अडते, तेव्हा पान्याने जोर करू नये. ती वाटी त्या फ्रेमची नाही. जुनी वाटी नमुना म्हणून सोबत न्यावी आणि मापाची मिळाली नाही तर जुनीच ठेवावी. नट-बोल्टांचंही तेच: मिलिमीटरचा नट इंची बोल्टावर चढवला की दोन्ही जातात.

गंजाकडे मी उतावळेपणाने जात नाही. मूळ काळा रंग भट्टीत भाजलेला असतो, आणि सोनेरी रेघा व अक्षरं त्यावर वरून चढवलेली. थिनर, स्पिरिट किंवा पेट्रोल लागलं की ती अक्षरं कापडावर येतात. कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ फडकं, आणि अक्षरांच्या आसपास फक्त ओलसर कापूस. तेल आणि काळ्या मातीचे थर असतील तर लाकडी चपटी काडी वापरावी, पत्रा नाही. काळी माती मडगार्डाच्या आतल्या वळणात गच्च बसते आणि पावसाळ्यानंतर कितीतरी दिवस ओल धरून ठेवते, म्हणून मराठवाड्यातल्या सायकलींचा गंज आधी तिथे सापडतो. मडगार्ड काढून आतून घासल्याशिवाय काम पूर्ण धरू नये.

क्रोमवरच्या गंजाला पोळ्या गुंडाळायचा ॲल्युमिनियम फॉइल चुरगाळून, पाण्यात बुडवून घासला की बहुतेक गंज निघतो आणि क्रोम ओरखडत नाही. रंग नसलेले किंवा फार गंजलेले लोखंडी तुकडे, जसे स्टँड, कॅरिअर, ब्रेकचे दांडे, चिंचेच्या कोळात रात्रभर ठेवले तरी उजळतात. पाव किलो चिंच, दोन लिटर गरम पाणी. जास्त गंजाला फरशी पॉलिशवाले वापरतात ते ऑक्झॅलिक ॲसिड, लिटरला २५ ग्रॅम. ते विषारी आहे, हातमोजे घालून, उघड्यावर आणि मुलांपासून दूर काम करावं. दोन्हींनंतर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून, साध्या पाण्याने धुऊन, लगेच उन्हात वाळवायचं आणि तेलाचा हात फिरवायचा. अर्धा तास जरी ओलं राहिलं तरी नारिंगी थर परत येतो. छर्रे, वाट्या, कोन (छर्रे ज्यावर टेकतात तो शंकूसारखा नट), स्प्रिंगा यांना ॲसिड कधीही दाखवू नये, कडक पोलाद त्याने ठिसूळ होतं.

रंगाचं काय, हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. माझं मत पक्कं आहे: मूळ रंग निम्मा जरी टिकला असेल तरी पुन्हा रंगवू नये. पावडर कोटिंग स्वस्तात होतं, पण त्यासाठी आधी जुना थर उडवतात आणि सोनेरी रेघा, अक्षरं, विक्रेत्याचा छाप सगळं एका तासात जातं. जिथे लोखंड उघडं पडलं आहे तिथे जवसाचं उकळलेलं तेल पातळ पुसावं. जवस आपल्या शेतातलंच, पण घाण्याचं कच्चं तेल वाळायला फार वेळ घेतं, म्हणून रंगाच्या दुकानातलं उकळलेलं घ्यावं. एक हात द्यायचा, पंधरा मिनिटांनी जादाचं पुसायचं, दोन दिवस वाळू द्यायचं, मग दुसरा हात. गंजाचा तांबूस रंग गडद तपकिरी होऊन तिथेच थांबतो आणि काळ्यात मिसळून जातो. एक इशारा मात्र गांभीर्याने घ्या: जवसाच्या तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकलं तर ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, आणि आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात तर जास्तच. फडकं दोरीवर पसरून वाळवावं किंवा पाण्यात बुडवावं. उन्हाळ्यात धूळही तेलावर बसते, म्हणून हे काम दिवाळी ते होळीच्या दरम्यान करणं बरं.

आता छर्रे. पैसे आणि वेळ मनापासून खर्च करायची जागा हीच. बीबीत पाव इंची छर्रे प्रत्येक बाजूला ११, मिळून २२. साध्या मागच्या हबात पाव इंची प्रत्येक बाजूला ९, पुढच्या हबात ३/१६ इंची प्रत्येक बाजूला १०. आधी निघालेल्या संख्येवर विश्वास ठेवू नये, कारण मधल्या दुरुस्त्यांत दोन-चार हरवलेले आणि भलत्या मापाचे घुसवलेले असतात. खात्रीचा नियम असा की वाटी छर्‍यांनी पूर्ण भरायची आणि एक कमी करायचा. हँडलच्या वाट्यांत बारीक छर्रे असतात आणि चिमटा खाली सरकताच ते जमिनीवर धावतात, म्हणून खाली जुनं धोतर किंवा चादर अंथरूनच चिमटा काढावा. जुना एखादा छर्रा घेऊन त्याच मापाचे नवे आणावेत, जुने परत भरू नयेत. सगळ्या सायकलचे नवे छर्रे शंभर-सव्वाशे रुपयांत येतात, आणि सायकल चालवताना जो हलकेपणा जाणवतो तो या शंभर रुपयांचा असतो. वाटी आणि कोन उजेडात धरून बघा. गुळगुळीत चकचकीत पट्टा दिसला तर उत्तम. खड्डे दिसले तर कोन बदला, कारण खड्ड्यांचा कोन नवे छर्रेही खातो. बीबीचा एक्सल उजव्या बाजूला आधी झिजतो. नवा घेताना लांबी आणि छर्रे बसायच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर, दोन्ही जुन्याशी जुळलं पाहिजे, नाहीतर चेनची रेघ वाकडी जाते. ग्रीस साधं एपी-३ चालतं, ४२ अंशांतही ते वितळून बाहेर येत नाही.

कॉटर बसवताना दोन्ही क्रँकना एकच नियम लावायचा: क्रँक वर उभा धरला की नट मागच्या दिशेला. म्हणजे दोन्ही क्रँक एका रेषेत राहतात. कॉटरची सपाट बाजू एक्सलच्या खाचेवर पूर्ण टेकते का हे काजळी लावून बघावं; फक्त कडेला डाग उठला तर कानशीने हलकं घासून उतार जुळवावा. नुसता नट आवळून कॉटर ओढून घ्यायचा प्रयत्न करू नये, आटे तुटतात. आधी पाइपाचा आधार देऊन ठोकून बसवायचा, मग नट आवळायचा.

चाकांसाठी उस्तादाकडे जायला हरकत नाही, पण काय सांगायचं ते माहीत असावं. आजकाल रिंगचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढताना फक्त डावं-उजवं डोलणं पाहतात. दांड्याच्या ब्रेकची गुटकी रिंगच्या आतल्या, एक्सलकडच्या पृष्ठभागावर वर ओढली जातात, म्हणून या सायकलीला वर-खाली उडी जास्त त्रास देते. उडी राहिली तर ब्रेक प्रत्येक फेऱ्याला एकदा धरतो आणि एकदा सोडतो. आधी उडी काढायची, मग डोलणं, निप्पल (तारेच्या टोकाचा नट) पाव-पाव फेरा. बोअरच्या खारट पाण्याने निप्पल गंजून तारेला चिकटलेले असतील तर आदल्या दिवशी डिझेल सोडून ठेवा. तरीही चार-पाच तारा तुटल्या तर थांबा आणि चाक नव्या तारांनी विणून घ्या. मागचं ४० तारांचं चाक चार छेदांचं, म्हणजे प्रत्येक तार दुसऱ्या चार तारांना ओलांडते, पुढचं ३२ चं तीन छेदांचं. जुनी तार नमुन्याला द्या, कारण गिअरच्या हबची किनार साध्या हबपेक्षा मोठी असल्याने तारेची लांबी वेगळी लागते. नव्या तारेला नवेच निप्पल. जुनी रिंग आतून पापुद्रे सुटण्याइतकी गंजली असेल तर देशी रिंग लावावी, भोकांची संख्या तीच आहे. मूळ रिंग टिकवण्यासाठी ब्रेकशी तडजोड करण्यात शहाणपण नाही.

तीन गिअरचा हब पाहून पुष्कळजण घाबरतात आणि तो काढून साधं फ्रीव्हील लावून घेतात. फार वाईट वाटतं, कारण हा हब यंत्र म्हणून अतिशय टिकाऊ आहे आणि बहुतेक वेळा तो बिघडलेला नसतो, आत फक्त चिकट झालेला असतो. आपल्याकडे घरात जे तेल असेल ते चेनला आणि हबला घालायची सवय, आणि मराठवाड्यात ते करडईचं असायचं. करडईचं तेल हवेत वाळून वार्निशसारखं घट्ट होतं. त्याने आतले खटके जागच्या जागी चिकटतात आणि पायडल रिकामं फिरतं. हब उघडण्याआधी तेलाच्या झाकणातून दोन चमचे डिझेल घाला, चाक आडवं-उभं करत फिरवा, रात्रभर ठेवा, काळं पाणी काढून टाका, पुन्हा घाला. निघणारं डिझेल स्वच्छ दिसेपर्यंत हेच चालू ठेवा. मग २० किंवा ३० नंबरचं इंजिन ऑइल एक चमचा. शिलाई मशीनचं तेल फार पातळ, लवकर गळून जातं. ग्रीस आत कधीच भरू नये, खटके पुन्हा चिकटतात.

इतक्यावर हब चालू लागला तर उघडायची गरज नाही. उघडावाच लागला तर उजवीकडच्या मोठ्या चकतीवर आणि हबच्या कवचावर समोरासमोर खूण करा. त्या चकतीचे आटे दुहेरी सुरुवातीचे आहेत. भलत्या सुरुवातीवर बसली तर चाकाचा काढलेला आउट परत येतो. आतल्या खटक्यांच्या स्प्रिंगा केसासारख्या बारीक असतात, म्हणून काम ताटात करावं. बसवताना उजवा कोन बोटाने घट्ट करून अर्धा फेरा मागे घ्यायचा आणि तिथेच लॉक करायचा. बाकीचं सगळं ढिलं-घट्ट डाव्या कोनावर. रिंगला धरून हलवलं तर अगदी किंचित हालचाल जाणवली पाहिजे.

गिअर लावणं सोपं आहे. हँडलवरचा गिअर बदलायचा खटका दोन नंबरवर ठेवा, उजव्या नटच्या खिडकीतून आत बघा: केबल जिला जोडते त्या हबमधल्या बारीक साखळीच्या काडीचा खांदा एक्सलच्या टोकाशी बरोबर सपाट आला पाहिजे. त्याप्रमाणे केबलचा नट फिरवा. साखळी हबमध्ये पूर्ण आवळून अर्धा फेरा मागे घेतलेली असावी, म्हणजे ती केबलच्या दिशेने वळू शकते. हे माप चुकलं तर दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये हब एकदम रिकामा सुटतो, आणि पायडलवर उभं राहून चढ चढत असाल तर थेट दांड्यावर आपटाल. साखळी, केबल आणि खटका आपल्या बाजारात मिळत नाहीत. स्टर्मी-आर्चर आता तैवानची आहे, भाग मागवता येतात, आणि या सगळ्या कामात बाहेरून मागवावी लागलेली महागडी गोष्ट तेवढीच.

त्यासोबतच मागची दातेरी चकतीही मागवून घ्यावी. पुढे ४६ आणि मागे १८ दाते हे माप सपाट इंग्लिश रस्त्याचं: २८ × ४६ ÷ १८ म्हणजे सुमारे ७२ इंचांचा गिअर (आकडा जितका मोठा तितकं पायडल जड). हबचा पहिला गिअर त्याच्या पाऊणपट, ५४ इंच, आणि तिसरा त्याच्या सव्वापटीपेक्षा जास्त, ९५ इंच, जो पश्चिमेच्या वाऱ्यात कधीच उपयोगी पडत नाही. मागे २२ दात्यांची चकती लावली की आकडे सुमारे ४४, ५९ आणि ७८ होतात. बालाघाटच्या चढांवर वीस किलोची सायकल घेऊन जाणाऱ्याला हा फरक गुडघ्यांत कळतो. या हबच्या चकत्या १९५१ च्या आसपास बदलल्या, आधी आट्यांवर चढणाऱ्या आणि नंतर तीन खाचांच्या, म्हणून मागवण्याआधी जुनी उतरवून बघावी. चेन थोडी लांब लागेल. चेनच्या लॉकचं बंद टोक चेन ज्या दिशेने जाते त्या दिशेला ठेवायचं.

ब्रेकचे रबर दुकानातले चालतात. प्रत्येक सांध्यात तेलाचा थेंब, दांडे सरळ, रिंग आणि रबरामधलं अंतर दोन-तीन मिलिमीटर. पावसात लोखंडी रिंगवर हा ब्रेक फार कमी धरतो. रबर बदलून त्यात फरक पडत नाही, अंतर राखून चालवणं हाच उपाय. टायरमध्ये ४५ पीएसआयच्या आसपास हवा.

ब्रुक्सची सीट कोरडी पडून पत्र्यासारखी झालेली असते. खोबरेल किंवा इंजिन ऑइल चोळू नये, चामडं ढिलं होऊन झोळी पडते. ओलसर फडक्याने पुसून, सावलीत वाळवून, मधमाशीच्या मेणाचं मलम वरून आणि खालून पातळ लावावं, दोन दिवसांनी पुन्हा. पुढचा ताणाचा नट फार तर पाव फेरा. रिव्हेटपाशी चीर गेली असेल तर ती सीट भिंतीवर ठेवा आणि चालवायला देशी घ्या.

सायकलची किंमत सोडून झालेला खर्च असा: टायर-ट्यूबची जोडी हजाराच्या आत, छर्रे, कॉटर आणि चेन मिळून चारशे, ब्रेकचे रबर शंभरच्या आत, तारा आणि विणाई सातशे, डिझेल, ग्रीस, जवसाचं तेल आणि ॲसिड पाचशे. हबची साखळी, केबल आणि चकती वेगळी. क्रोम नव्याने चढवण्याचा भाव विचारला तर तो या सगळ्या बेरजेला गाठतो, म्हणून तो विचार सोडून द्यावा.

पहिल्या चाळीस-पन्नास किलोमीटरनंतर दोन्ही कॉटर पुन्हा ठोकून नट आवळावेत, कारण नवं मऊ पोलाद आपली जागा तेव्हा धरतं. त्याच वेळी तारा हाताने जोडीजोडीने दाबून बघाव्यात, ढिली लागली तिला पाव फेरा. हँडलच्या वाट्याही एकदा तपासाव्यात: पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकलली आणि टकटक जाणवली तर वरची वाटी थोडी आवळायची. हबमध्ये महिन्याला चार-पाच थेंब तेल, आणि पावसाळा संपला की मडगार्ड काढून काळी माती खरवडायची.